समुद्राला जेवू कोण घालते?

अलीकडे हिवाळा सुरू झाला की कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावरून निळ्या उजेडाने चमकणाऱ्या लाटांची छायाचित्रे येऊ लागतात. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर अशा लाटा दिसल्या आणि ती बातमी देशभर पोहोचली. ‘हा प्लवक नावाच्या सूक्ष्म जिवांचा प्रकाश आहे’ एवढे एक वाक्य अशा बातम्यांत बहुधा असते, आणि बातमी तिथेच थांबते. प्लवक म्हणजे काय, ते समुद्रात काय करतात आणि ते एका जागी एवढ्या संख्येने का जमतात, हे प्रश्न वाचकाच्या मनात तसेच राहतात. मला ही त्रुटी लहान वाटत नाही. ज्या जिवांमुळे लाट चमकते त्यांच्या भाऊबंदांवरच आपल्या ताटातला बांगडा, तारली, बोंबील आणि जवळा अवलंबून असतो, आणि लाटांचा तो देखणा प्रकाश काही वेळा त्याच साखळीत झालेल्या बिघाडाची खूण असू शकतो.

प्लवक म्हणजे नेमके काय?

प्लवक ही एखाद्या प्राण्याची किंवा वनस्पतीची जात नाही. ‘प्लव’ म्हणजे तरंगणे, आणि प्रवाहाविरुद्ध पोहून जाण्याची ताकद नसल्यामुळे पाणी नेईल तिकडे जाणारे जे जे जीव आहेत ते सगळे प्लवक. जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन यांनी १८८७ मध्ये या जिवांना ‘प्लँक्टन’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भटकणारा असा आहे. थोडक्यात, ही ओळख रक्ताच्या नात्यावरून ठरलेली नसून राहणीवरून ठरलेली आहे. आपण ‘वारकरी’ म्हणतो तेव्हा जसे कोणाचे आडनाव सांगत नाही, तो वारीला जातो एवढेच सांगतो, तसेच हे आहे.

त्यांचे ढोबळ दोन गट पडतात. सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करणारे ते वनस्पती-प्लवक आणि दुसऱ्याला खाऊन जगणारे ते प्राणी-प्लवक. वनस्पती-प्लवकांत डायटम हा एक मोठा कुटुंबकबिला आहे. हे एकपेशीय जीव काचेच्याच जातीच्या सिलिकाची नक्षीदार डबी अंगाभोवती बांधतात. दुसऱ्या टोकाला प्रोक्लोरोकॉकस नावाचा जिवाणू आहे. त्याचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो आणि उष्ण प्रदेशातल्या खुल्या समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात तो एक लाखापर्यंत सापडू शकतो. इतक्या संख्येने असूनही त्याचा शोध १९८० च्या दशकात लागला, कारण तो दिसण्यासाठी लागणारी उपकरणेच त्याआधी जहाजांवर नव्हती.

प्राणी-प्लवकांत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोपेपॉड. हे तांदळाच्या कणीएवढे किंवा त्याहून लहान असलेले, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले जीव आहेत. पण ‘प्लवक म्हणजे सूक्ष्म’ हे समीकरण खरे नाही. हातभर लांबीची जेलीफिशसुद्धा प्रवाहाबरोबर वाहते, म्हणून तीही प्लवकच. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बांगडा, खेकडा, कोळंबी, कालव हे सगळे जन्मतः प्लवक असतात. त्यांची अंडी किंवा पिल्ले पाण्यात तरंगत, वाहत वाढतात आणि मोठी झाल्यावर कोणी पोहू लागते, कोणी तळाला जाते, तर कोणी खडकाला चिकटते. समुद्रातल्या बहुतेक जिवांचे बालपण प्लवकांच्या वस्तीत जाते, हे ध्यानात ठेवले तर पुढचे बरेच काही आपोआप उलगडते.

तव्यावरची एक भाकरी

जमिनीवर अन्नाची सुरुवात गवतापासून आणि झाडापासून होते. किनाऱ्यालगतचे शेवाळ आणि पाणगवत वगळले तर समुद्रात हे काम जवळजवळ पूर्णपणे वनस्पती-प्लवक करतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अंदाजानुसार, प्रकाशाच्या मदतीने पृथ्वीवर दरवर्षी जेवढे सेंद्रिय द्रव्य तयार होते त्यातले सुमारे निम्मे समुद्रात तयार होते. जगातली सगळी जंगले, कुरणे आणि शेते एका पारड्यात टाकली तर दुसऱ्या पारड्यातले हे डोळ्यांना न दिसणारे जीव जवळपास बरोबरी करतात. एकट्या डायटमांचा वाटा जगाच्या एकूण निर्मितीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास धरला जातो.

यावर एक रास्त शंका निघते. समुद्रात एवढे अन्न तयार होत असेल तर ते दिसत का नाही? जंगल दिसते, उसाचा फड दिसतो, समुद्र मात्र निळाच दिसतो. वजनाच्या हिशेबाने तर कोड्यात आणखी भर पडते, कारण जगातल्या सर्व प्रकाशसंश्लेषी जिवांच्या एकत्रित वजनात वनस्पती-प्लवकांचा वाटा एक टक्कासुद्धा नाही.

याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. पंगत जेवत असते तेव्हा तव्यावर एका वेळी एकच भाकरी असते. त्या क्षणी कोणी चुलीपाशी डोकावून पाहिले तर ‘या एका भाकरीत तीस माणसे कशी जेवणार’ असे त्याला वाटेल. पण भाकरी भाजून उतरते, लगेच ताटात जाते आणि तव्यावर दुसरी पडते. वनस्पती-प्लवक असेच आहेत. अनुकूल परिस्थितीत त्यांची पेशी दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होते आणि वाढलेला भाग तितक्याच वेगाने खाल्ला जातो. झाड वर्षानुवर्षे आपले उत्पन्न खोडात साठवून ठेवते, प्लवकांकडे मात्र साठवण अशी नसतेच. म्हणूनच समुद्राची समृद्धी मोजताना पाण्यात आज किती प्लवक आहेत हे मोजून भागत नाही, ते किती वेगाने वाढत आणि खाल्ले जात आहेत हे पाहावे लागते.

पाटाच्या पाण्यासारखी गळती

आता ही भाकरी कोणाकोणाच्या हातातून आपल्यापर्यंत येते ते पाहू. डायटमला कोपेपॉड खातो, कोपेपॉडला लहान मासा, लहान माशाला सुरमई आणि सुरमईला माणूस. ही झाली पाठ्यपुस्तकातली अन्नसाखळी. या साखळीत प्रत्येक टप्प्यावर मोठी घट होते, कारण खाल्लेल्या अन्नातले बरेचसे हालचालीत, श्वसनात आणि विष्ठेत खर्च होते. ढोबळ अंदाज असा की एका टप्प्यावरचे साधारण दहा टक्केच पुढच्या टप्प्यावर शरीराच्या रूपाने उरते. कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेत असलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. धरणातून सोडलेले पाणी पाझरत, उडत, वाटेत उपसले जात त्याच्या बांधापर्यंत येते तेव्हा त्याची धार बारीक झालेली असते. दहा टक्क्यांच्या हिशेबाने एक किलो सुरमई तयार होण्यामागे सुमारे हजार किलो वनस्पती-प्लवक असतात.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. साखळी जितकी आखूड, तितकी गळती कमी आणि मासळी जास्त. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची तारली याचे सुरेख उदाहरण आहे. तारलीच्या कल्ल्यांना आतल्या बाजूने बारीक दात्यांची गाळणी असते. त्या गाळणीतून पाणी जाऊ देऊन ती डायटम थेट खाते, मधले टप्पे बऱ्याच अंशी गाळते. बांगडाही असाच गाळून खाणारा मासा आहे, मात्र त्याच्या आहारात कोपेपॉडसारख्या प्राणी-प्लवकांचाही मोठा भाग असतो. तारली आणि बांगडा थव्याथव्याने, भरपूर आणि स्वस्त का मिळतात, आणि सुरमई महाग का असते, याच्या अनेक कारणांपैकी एक कारण या साखळीच्या लांबीत आहे. तारली आणि डायटम यांचे नाते इतके घट्ट आहे की फ्रॅजिलेरिया ओशनिका नावाचा डायटम पाण्यात भरपूर दिसला की तारलीचा हंगाम चांगला असतो, असे निरीक्षण भारतीय शास्त्रज्ञांनी १९५५ मध्येच नोंदवले होते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची दुसरी एक साखळी तर आपल्या डोळ्यांसमोरची आहे. जवळा हा जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा, भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर झुंडीने वाहणारा जीव आहे, आणि प्लवक हाताने उचलून पाहता येण्याची आपल्याकडची सर्वांत सोपी जागा म्हणजे वाळवलेल्या जवळ्याचे माप. जवळा डायटम, बारीक प्राणी-प्लवक आणि पाण्यातला कुजलेला पालापाचोळा खातो. बोंबलाच्या पोटात प्रामुख्याने जवळा सापडतो. प्रवाहाच्या तोंडाशी डोल जाळे रोवून कोळी बांधव बोंबील आणि जवळा दोन्ही पकडतात. प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या जिवाला पकडायला प्रवाहातच स्थिर जाळे लावायचे, ही जाळ्याची रचना प्लवकांच्या व्याख्येवरच बेतल्यासारखी आहे. त्यामागे पिढ्यांचे निरीक्षण आहे आणि ते आदराने पाहण्यासारखे आहे.

आखूड साखळीची सर्वांत भव्य उदाहरणे मात्र महाकाय प्राण्यांत दिसतात. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी असलेला निळा देवमासा जवळ्यासारख्याच दिसणाऱ्या क्रिलवर जगतो. गुजरातच्या किनाऱ्याजवळ येणारा व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा, पण तोही तोंड उघडून पाणी गाळतो आणि प्लवक व लहान मासे खातो. एवढे शरीर पोसायचे तर साखळीच्या मुळाजवळच, जिथे अन्न सर्वांत विपुल आहे तिथे, ताट मांडावे लागते.

वरण तळापासून ढवळावे लागते

वनस्पती-प्लवकांना दोन गोष्टी लागतात, उजेड आणि खत. अडचण अशी की समुद्रात या दोन गोष्टी दोन वेगळ्या मजल्यांवर असतात. उजेड वरच्या काही दहा मीटरांत, फार तर शंभर-दीडशे मीटरांपर्यंत पोहोचतो. नत्र, स्फुरद आणि सिलिका ही खते मात्र खालच्या थंड पाण्यात साठलेली असतात, कारण मेलेले जीव आणि विष्ठा खाली बुडते आणि तिथे कुजते. वाढून ठेवलेल्या वरणात जसे वर पाणी आणि तळाला डाळ बसते तशी ही अवस्था असते. कोणीतरी पळी तळापर्यंत घालून ढवळल्याशिवाय ताटात डाळ येत नाही.

अरबी समुद्रात ही पळी मोसमी वाऱ्यांच्या हातात आहे. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येचे वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत जोराने वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड, खताने भरलेले पाणी वर येते. आपल्याकडे केरळ आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावरही तळपाणी असे वर येते. उत्तरेकडे येताना त्याचा जोर कमी होत जातो. पुढे हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावर ईशान्येकडून कोरडे, थंड वारे वाहतात, वरचे पाणी गार आणि जड होऊन खाली जाते आणि खालचे वर येते. म्हणजे या समुद्रात वर्षातून दोनदा वरण ढवळले जाते. जगातल्या सर्वांत सुपीक समुद्रांमध्ये अरबी समुद्राची गणना होते ती या दोन ढवळण्यांमुळे.

पावसाळ्यात मासेमारीवर बंदी का असते, हा प्रश्न याच ठिकाणी सुटतो. महाराष्ट्रात ही बंदी साधारणपणे १ जून ते ३१ जुलै अशी असते आणि तिचे कारण म्हणून समुद्र खवळलेला असतो एवढेच अनेकांना ठाऊक असते. जिवाचा धोका हे खरे कारण आहेच, पण याच महिन्यांत अनेक माशांची वीण होते आणि ती योगायोगाने होत नाही. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाजवळ काही दिवस पुरेल एवढाच बलक असतो. तो संपण्याआधी तोंडात मावेल एवढ्या आकाराचे प्लवक आसपास मिळाले नाहीत तर ते पिल्लू मरते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्ये असे मांडले की एखाद्या वर्षी किती मासे मिळणार हे बऱ्याच अंशी या पिल्लावस्थेतल्या उपासमारीवर ठरते. मादीने लाखो अंडी घातली तरी प्लवकांची बहर आठ-पंधरा दिवस पुढेमागे झाली तर पुढच्या हंगामातले जाळे हलके लागते. प्लवक किती आहेत याच्याइतकेच ते कधी आहेत हे महत्त्वाचे ठरते.

वर येणाऱ्या या पाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अरबी समुद्रात सुमारे दीडशे ते हजार मीटर खोलीपर्यंत प्राणवायू अत्यंत कमी असलेल्या पाण्याचा जाड पट्टा आहे. वर इतके प्लवक वाढतात आणि मरून खाली जातात की त्यांना कुजवणारे जिवाणू तिथला प्राणवायू संपवून टाकतात. पावसाळ्याच्या शेवटी हे प्राणवायूहीन पाणी उथळ किनारी भागात, गोव्यासमोरसुद्धा, सरकते आणि तळाला राहणाऱ्या जिवांना तिथून हुसकावते किंवा मारते. जास्त खतामुळे पीक लोळावे तसा हा प्रकार आहे.

रोज संध्याकाळी निघणारी दिंडी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्या शोधण्यासाठी जहाजांवरून ध्वनिलहरी सोडल्या जात. तेव्हा समुद्राचा तळ असावा असे वाटणारा एक थर दिवसा काही शे मीटर खोल दिसे आणि संध्याकाळ झाली की वर येऊ लागे. तळ वर येत नसतो. तो थर कोपेपॉड, क्रिल, लहान मासे अशा असंख्य जिवांचा होता. दिवसा उजेडात शिकारी मासे दिसणाऱ्याला खातात, म्हणून हे जीव खोल, अंधाऱ्या पाण्यात लपतात आणि रात्री वर येऊन वनस्पती-प्लवक खातात. संख्येने पाहिले तर प्राण्यांचे हे पृथ्वीवरचे सर्वांत मोठे दैनंदिन स्थलांतर आहे.

याचा हवामानाशी थेट संबंध आहे. वर खाल्लेले अन्न हे जीव खाली जाऊन पचवतात, तिथेच विष्ठा टाकतात आणि तिथेच मरतात. शिवाय मेलेले प्लवक सतत हळूहळू खाली झिरपत असतात. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून वर बनलेले द्रव्य अशा रीतीने खोल समुद्रात पोहोचते आणि त्यातला काही भाग शेकडो वर्षे वर येत नाही. ही वाहतूक नसती तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त असता.

पाणी हिरवे झाले तर चांगलेच ना?

आता पुन्हा चमकणाऱ्या लाटांकडे येऊ. इथवर वाचलेल्या माणसाला साहजिकच वाटेल की प्लवकांची बहर आली, म्हणजे अन्न वाढले, म्हणजे मासळी वाढणार. हा समज चुकीचा आहे आणि या लेखात मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते हेच. कोणते प्लवक वाढले यावर सारे अवलंबून आहे. शिवारात हिरवळ दिसली म्हणजे ज्वारीच आली असे नसते, गाजरगवतही हिरवेच असते.

लाट चमकवणारा जो जीव आपल्याकडे वारंवार आढळतो त्याचे नाव नॉक्टिल्यूका. हा एकपेशीय असला तरी साबुदाण्याच्या कच्च्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान, साध्या डोळ्यांना दिसू शकेल असा फुगीर गोळा असतो. पाणी हलले की त्याच्या पेशीत रासायनिक क्रिया होऊन निळा प्रकाश पडतो. त्याच्या हिरव्या प्रकाराची राहणी विलक्षण आहे. त्याच्या पोटात सूक्ष्म हिरवे शैवाल जिवंत राहते आणि सूर्यप्रकाशावर अन्न बनवून यजमानाला देते, आणि तरीही तो स्वतः डायटम गिळतो. म्हणजे उजेड असला तरी त्याचे भागते, शिकार मिळाली तरी भागते. कोपेपॉडांना मात्र एवढा मोठा घास खाता येत नाही. त्याला खाणारे मुख्यतः जेलीसारखे पारदर्शक प्राणी असतात आणि त्या पाणचट जिवांवर पोट भरणारे मासे थोडे. डायटमांपासून माशांपर्यंत जाणारा रस्ता अशा वेळी जेलीफिशच्या दिशेला वळतो.

साधारण २००० सालापर्यंत उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यातली बहर मुख्यतः डायटमांची असे. त्यानंतर तिथे हिरव्या नॉक्टिल्यूकाचे प्रचंड पट्टे दिसू लागले. मूळचे गोव्यातले आणि पुढे अमेरिकेत संशोधन करणारे हेल्गा गोम्स आणि जोकिम गोस यांनी या बदलाचा दीर्घकाळ मागोवा घेतला आहे. २०१४ मध्ये त्यांच्या गटाने याचा संबंध प्राणवायू कमी असलेले पाणी वर पसरण्याशी जोडला. २०२० च्या त्यांच्या अभ्यासाने आणखी एक दुवा मांडला. हिमालय आणि तिबेटच्या पठारावरचे हिवाळी बर्फ कमी झाल्याने ईशान्येचे वारे पूर्वीइतके थंड आणि कोरडे राहिले नाहीत, त्यामुळे वरण नीट ढवळले जात नाही, डायटमांना खत मिळत नाही आणि दोन्हीकडून जेवणाऱ्या नॉक्टिल्यूकाचे फावते. प्राणवायूच्या कारणाबद्दल काही भारतीय शास्त्रज्ञांनी लेखी हरकत घेतली आहे आणि तो वाद खुला आहे. नॉक्टिल्यूकाच्या बहरी येतात यावर मात्र दुमत नाही.

किनाऱ्यालगतच्या चमकीला आणखी एक कारण हातभार लावू शकते, ते म्हणजे शहरांचे सांडपाणी. त्यातले नत्र आणि स्फुरद किनाऱ्याच्या पाण्याला न मागितलेले खत घालतात. म्हणून एखाद्या किनाऱ्यावर चमक दिसली की तिचे एकच कारण सांगण्याची घाई करू नये, प्रत्येक बहरीचे पाणी तपासावे लागते.

समुद्र तापल्याने काय होते?

मिसळीवर तर्रीचा जाड थर असला की चमचा खाली जाईपर्यंत उसळ दिसत नाही. तापलेले पाणी हलके असते आणि ते समुद्रावर असाच थर धरते. वाऱ्याला मग खालचे खत वर आणणे कठीण होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले की पश्चिम हिंदी महासागरात गेल्या सहा दशकांत वनस्पती-प्लवकांत वीस टक्क्यांपर्यंत घट झाली असावी. याउलट २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम अरबी समुद्रात प्लवक वाढत असल्याचे म्हटले होते. हे वाचून ‘शास्त्रज्ञांनाच काही माहीत नाही’ असा निष्कर्ष काढू नये. एक अभ्यास मोजक्या वर्षांचा आणि एका पट्ट्याचा होता, दुसरा अनेक दशकांचा आणि विस्तृत क्षेत्राचा. समुद्राच्या रंगाच्या सलग उपग्रह नोंदी १९९७ पासूनच्या आहेत, आणि पावसाच्या वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदींवरून दुष्काळाचे चक्र सांगणे जितके अवघड, तितकेच हेही अवघड आहे.

मासळीवर परिणाम किती तीव्र असू शकतो याची कल्पना तारलीवरून येते. केरळमध्ये २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली होती आणि २०२१ मध्ये अवघी ३,२९७ टन. यामागे लहान माशांची बेसुमार पकड आहे, एल निनोसारखे बदल आहेत आणि अन्नाची उपलब्धताही आहे. सगळा दोष प्लवकांवर किंवा सगळा दोष ट्रॉलरांवर टाकणे या दोन्ही गोष्टी अर्धवट ठरतील.

प्लवक संपले तर आपला श्वास कोंडेल का?

‘आपला प्रत्येक दुसरा श्वास समुद्र देतो’ हे वाक्य सर्रास वापरले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. समुद्रात दरवर्षी तयार होणारा प्राणवायू जगाच्या निर्मितीच्या सुमारे निम्मा आहे हे खरे. मात्र त्यातला जवळजवळ सगळा तिथलेच प्राणी आणि जिवाणू वापरून टाकतात. आपण श्वासात घेतो तो हवेतला एकवीस टक्के प्राणवायू म्हणजे कोट्यवधी वर्षांची जुनी ठेव आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्लवकांच्या पूर्वजांनी, म्हणजे प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंनी, ती जमवायला सुरुवात केली. उद्या सगळे प्रकाशसंश्लेषण थांबले तरी ती ठेव हजारो वर्षे पुरेल. आपण आधी मरू ते उपासमारीने. प्लवकांची काळजी करायची ती अन्नासाठी आणि हवामानासाठी, श्वासाची भीती घालून ती पटवून देण्याची गरज नाही.

समुद्राला खत घालता येणार नाही का?

ही कल्पना गंभीरपणे तपासली गेली आहे आणि त्यात गोव्याचा मोठा सहभाग होता. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात नत्र भरपूर आहे, पण लोह फार थोडे आहे. तिथे लोह टाकले तर प्लवक वाढतील, ते बुडतील आणि हवेतला कार्बन खोल समुद्रात जाईल, असा तर्क होता. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी २००९ मध्ये ‘पोलारस्टर्न’ या जहाजावरून हा प्रयोग केला. त्याचे नावच ‘लोहाफेक्स’ होते, आणि त्यातला ‘लोहा’ आपल्याच भाषांतला आहे. वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक हे त्याचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सहा टन विरघळलेले लोह सोडण्यात आले.

प्लवक वाढले, दोन आठवड्यांत दुपटीपर्यंत गेले आणि मग थांबले. त्या पाण्यात सिलिका संपलेली असल्याने जड कवचाचे, बुडणारे डायटम वाढलेच नाहीत. जे बारीक प्लवक वाढले ते कोपेपॉडांनी फस्त केले आणि कोपेपॉडांवर त्यांच्याहून मोठे, कोळंबीसारखे जीव तुटून पडले. खोल समुद्रात जाणारा कार्बन फारसा वाढला नाही. खत घातले, पीक आले, पण ते कोठारात पोहोचण्याआधी पाखरांनी खाल्ले. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत शिकवून जाणारा प्रयोग आहे, आणि तो अपेक्षित फळ न देता एवढे शिकवून गेला.

मच्छीमाराला याचा उपयोग काय?

उपयोग रोजचा आहे. हिरव्या प्लवकांत हरितद्रव्य असते आणि त्यामुळे पाण्याचा रंग किंचित बदलतो. भारताने मे १९९९ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-१ या उपग्रहावर हा रंग टिपणारे उपकरण होते, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये गेलेल्या ओशनसॅट-३ पर्यंत ही मालिका पुढे आली आहे. हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही संस्था समुद्राचा रंग आणि तापमान यांची सांगड घालून मासळी कुठे सापडण्याची शक्यता आहे याची सूचना मराठीसह किनारी भाषांत देते. अमुक बंदरापासून इतक्या अंतरावर, इतक्या खोलीवर, अशी ती सूचना असते. नाखव्याच्या हाती पडणारी ती ओळ म्हणजे खरे तर प्लवकांची बातमी असते, आणि तिच्यामुळे शोधाशोधीतले डिझेल वाचते.

उपग्रहाच्या या नजरेला मर्यादाही आहेत. ढग असले की त्याला समुद्र दिसत नाही, आणि पावसाळ्यात, म्हणजे नेमकी ढवळाढवळ चालू असते तेव्हा, ढग असतातच. रंगावरून हरितद्रव्य किती आहे हे कळते, पण ते डायटमांचे आहे की नॉक्टिल्यूकाचे, हे खात्रीने सांगायला खास गणिते लागतात आणि ती गणिते बरोबर आहेत का हे पडताळायला शेवटी पाणीच लागते. म्हणून आजही संशोधनाच्या बोटीवरून बारीक विणीची शंकूसारखी जाळी पाण्यात सोडतात, तिच्या टोकाच्या बाटलीत जमलेला गाळ जपून किनाऱ्यावर आणतात आणि प्रयोगशाळेत कोणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक पेशी ओळखत, मोजत बसते.